छापावर छाप

दत्तारामचा हात सरळ होता. सरळ म्हणजे असा, की नांगरणीचं पहिलं तास, म्हणजे नांगराची पहिली रेघ, धरायला गावात ज्याला बोलावतात त्याच्या हातासारखा. त्याचा बाप खरोखरच तसा माणूस होता. कणकवलीच्या अलीकडच्या त्यांच्या वाडीत कुणाच्याही मळ्यात पहिलं तास पडायचं ते बापाच्या हातचं, आणि बाकीची जोतं मग त्याच्या मागोमाग चालायची. बापानं मुलाला शेत दिलं नाही, कारण शेत त्याचं नव्हतंच. हात तेवढा दिला. तो हात घेऊन दत्ताराम मिसरूड फुटायच्या आत मुंबईला आला आणि गिरणीच्या घडी खात्यात उभा राहिला.

घडी खातं म्हणजे कापडाचं माहेरातलं शेवटचं घर. सूत कातून झालं, विणून झालं, धुऊन-रंगवून झालं, की कापड तिथं येतं. तिथं ते मोजतात, घडी घालतात, त्याचा ताका बांधतात, आणि बाहेर पाठवण्याआधी त्याच्यावर छाप मारतात. गिरणीचं नाव, कापडाचं नाव, लांबी, किंमत, महिना. सरकारचा कायदाच होता तसा. बिनछापाचा ताका फाटकाबाहेर जायचा नाही. छापाच्या वर मग टिकीट चिकटायचं, रंगीत, मोर-पोपटाचं, चारी बाजूंनी वेलबुट्टीची किनार असलेलं. हा छाप आणि हे टिकीट दत्तारामच्या हातात आलं, आणि गिरणी बंद पडेपर्यंत ते त्याच्याच हातात राहिलं.

त्याला हे काम कुंडलिक मुकादमानं शिकवलं. मुकादम बोलायचा कमी, आणि जे बोलायचा ते एकदाच.

"एका ताक्यावर एकच छाप," त्यानं पहिल्या दिवशी सांगितलं. "दोन छाप दिसले की व्यापारी म्हणतो, माल चोरीचा."

कधी कधी दुसऱ्या गिरणीचं कापड यांच्याकडे रंगवायला यायचं. त्याच्या टोकाला त्या गिरणीचा जुना छाप असायचा आणि कापडाच्या जातीचा नंबर. त्या छापावर नेमकं आपलं टिकीट बसवायचं, असं की खालचा एक कानाही बाहेर डोकावू नये. दत्ताराम हे असं करायचा की ताका हातात घेणाऱ्याला वाटावं, हे कापड इथंच जन्माला आलं. टिकीट सुटू नये म्हणून कांजी खात्यातून चिंचोक्याचं पीठ आणून तो स्वतः खळ शिजवायचा. ती खळ एकदा वाळली की कागद फाटेल, पण सुटणार नाही.

पुढे संप झाला. त्याबद्दल इतकं सांगितलं गेलं आहे की आणखी काही सांगण्यासारखं नाही. गिरणीचं फाटक मिटलं ते मिटलंच. दत्ताराम काही दिवस गावी राहिला, परत आला, कुठं रखवाली केली, कुठं पोती शिवली. जोगेश्वरीच्या गुंफेजवळच्या चाळीत त्याची खोली होती, तेवढी सुटली नाही. लेक मुलुंडला दिलेली. घरात तो आणि त्याची बायको सुलक्षणा. सुलक्षणाचे गुडघे धरले होते, ती फारशी बाहेर पडायची नाही. तो मात्र रोज सकाळी धुतलेला सदरा घालून बाहेर पडायचा, काम असो वा नसो. हात सरळ आहे आणि त्याला धरायला काही नाही, ही गोष्ट त्याला झोपू द्यायची नाही.

अशात त्याला नंदकुमारशेठचा गाळा सापडला.

नंदकुमार हा पार्ल्यात वाढलेला, विजेच्या कामाची पदविका घेतलेला तरुण माणूस. त्यानं मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा घेतला होता आणि परदेशातून विजेचं बारीकसारीक सामान मागवायला सुरुवात केली होती. होल्डर, पिना, वायरीवर बसणारे स्विच. त्या काळात बाहेरचा माल आणणं म्हणजे डोंगर चढण्यासारखं होतं. परवाना काढा, बंदरावर खेटे घाला. आणि माल गाळ्यात आला तरी तो तसाच विकायचा नाही. हा माल कुणी आणला, त्याचा पत्ता काय, वस्तू कोणती, किती नग, कुठल्या महिन्यात, काय किंमत, हे सगळं नगावर लिहिलेलं हवं. ते नसेल तर निरीक्षक येऊन मालाला सील लावणार.

"लेबल सरळ लावणारा माणूस पाहिजे," नंदकुमारनं सांगून ठेवलं होतं. दत्ताराम गेला. त्यानं समोरचं एक लेबल उचललं, एका खोक्यावर बसवलं आणि बाजूला झाला. नंदकुमारनं खोकं फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "उद्यापासून या."

तर असं ते टेबल दत्तारामला मिळालं. खिडकीजवळचं होतं. खिडकीतून लांब आरे कॉलनीच्या बाजूची झाडी दिसायची, निळसर, गावच्या डोंगरासारखी. जोगेश्वरीहून तो महाकालीच्या टेकडीला वळसा घालून चालत यायचा, टेबल पुसायचा, खळीचं भांडं उजव्या हाताला ठेवायचा, आणि मग त्याचा दिवस उगवायचा.

शेजारच्या टेबलावर मालन बसायची. मालन घाटकोपरच्या वस्तीतली, मूळची साताऱ्याकडची. बाबासाहेबांचा फोटो तिच्या डब्याच्या झाकणाला आतून लावलेला असायचा, आणि डबा उघडला की ती आधी त्याच्याकडे बघायची, मग भाकरीकडे. ती माल मोजून खोक्यात भरायची. तोंडानं फटकळ आणि कामाला वाघीण.

जपानहून जेव्हा बेडस्विचचा माल आला, तेव्हा दत्ताराम हरखला. बेडस्विच म्हणजे वायरीला लोंबणारा स्विच, उशाशी टांगायचा आणि अंगठ्यानं दाबायचा. हे होते फिक्या पिवळ्या रंगाचे, लोण्याच्या गोळ्यासारखे गुळगुळीत. पाठ गोल, पोट सपाट. लेबल लावायला जागा एकच, ती पोटावर. दत्तारामनं तळहातावर एक स्विच घेऊन बराच वेळ पाहिला आणि मग नंदकुमारकडे गेला.

"शेठ, या मालाला साधं लेबल शोभणार नाही."

"म्हणजे काय करायचं म्हणता?"

"किनार पाहिजे. किनारीशिवाय टिकीट म्हणजे काठाशिवाय लुगडं."

नंदकुमार हसला, पण त्यानं छापखान्यात निरोप पाठवला. लेबलं आली ती चारी बाजूंनी वेलबुट्टीची, मध्ये बारीक अक्षरात शेठचं नाव, पत्ता, वस्तू, महिना, किंमत, सगळं. मालननं एक उचलून पाहिलं.

"भाऊ, स्विच विकायचेत का लग्नपत्रिका वाटायच्यात?"

"तुला काय कळतंय गं टिकिटातलं?"

"मला एवढं कळतंय, की या कागदावर अजून जरा जागा असती तर तुम्ही घोडा पण काढला असता."

"मोर," दत्ताराम गंभीरपणे म्हणाला. "घोडा कापडाला चालत नाही."

माल दोन प्रकारच्या खोक्यांतून आला होता. काही खोकी निळ्या पट्टीची, काही तांबड्या पट्टीची. नंदकुमार त्या दिवशी बंदरावर होता, आणि सांगायला कुणी नव्हतं. दत्तारामनं दोन्ही प्रकारची खोकी टेबलावर रिकामी केली. सगळे स्विच एका रंगाचे, एका आकाराचे, आणि एका रंगाचा माल एका गठ्ठ्यात, हे त्याला घडी खात्यानं शिकवलेलं. त्यानं ढीग एक केला आणि कामाला लागला.

पोटावर त्या कारखान्याचा छाप होता. छाप म्हणजे शाई नव्हे, अक्षरं त्या पिवळ्या अंगातच उठवलेली, त्याच रंगाची, तिरकं धरलं तर दिसणारी. एक वाकडीतिकडी खूण, आणि खाली इंग्रजी आकडे. कुठं १२५, कुठं २५०. इंग्रजी आकडे दत्तारामला येत होते, गिरणीत आयुष्यभर त्यांच्याशीच गाठ होती. त्याला वाटलं, हा त्या परक्या कारखान्याच्या मालाचा नंबर. जसा कापडाचा असतो. आणि परका छाप दिसला की हातानं काय करायचं ते हाताला माहीत होतं. त्यानं लेबल नेमकं त्या छापावर बसवलं. एक कानाही बाहेर राहिला नाही.

संध्याकाळी नंदकुमार आला. ओळीनं मांडलेले स्विच पाहून त्याचे डोळे निवले.

"झकास. हे तर जपान्यांनाही जमलं नसतं." त्यानं एक स्विच उचलून दत्तारामच्या हातावर ठेवला. "पहिला नग तुमचा. घरी लावा."

दत्तारामनं तो रुमालात गुंडाळून घरी नेला. लेकीनं दिलेला टेबल फॅन सुलक्षणाच्या खाटेशी होता. त्याच्या वायरीवर त्यानं तो स्विच बसवला आणि खिळ्याला असा टांगला की लेबल समोर यावं. सुलक्षणानं दाबून पाहिलं. पंखा फिरला. रात्री उठून भिंतीवरच्या बटणापर्यंत लंगडत जायची तिची पायपीट वाचली.

"ह्यो तुमचो छाप?" तिनं विचारलं.

"माझोच म्हण," तो म्हणाला.

दिवाळी झाली, थंडी पडू लागली. एका शुक्रवारी दुपारी निरीक्षक आले. मध्यम वयाचे, बारीक अंगाचे, आवाज न चढवणारे. त्यांनी खुर्ची नाकारली, पाणी घेतलं, आणि ढिगातला एक स्विच उचलला. लेबल वाचलं. आणणाऱ्याचं नाव, पत्ता, महिना, किंमत, एकेक शब्दावर त्यांचं बोट फिरलं. दत्ताराम उभा राहून त्या बोटाकडे पाहत होता. लेबल किती सरळ आहे ते साहेब आता म्हणतील, असं त्याला वाटलं.

साहेबांनी स्विच उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"लेबलात काही कमी नाही. पण हा किती व्होल्टचा?" त्यांनी विचारलं.

नंदकुमार म्हणाला, "पोटावर लिहिलंय साहेब. दोन प्रकार आहेत. घरच्या लाईनीचे अडीचशेचे, आणि सव्वाशेचे मी शेजारच्या कारखान्यासाठी मागवलेत. त्यांची जुनी यंत्रं एकशे दहावर चालतात."

"कुठं लिहिलंय?"

नंदकुमारनं स्विच हातात घेतला. तिरका धरला. मग दुसरा घेतला. मग तिसरा. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला, ओहोटीचं पाणी उतरतं तसा. "दत्ताराम," त्यानं विचारलं, "सव्वाशेचे, तांबड्या पट्टीचे कुठं ठेवलेत?"

दत्तारामनं ढिगाकडे पाहिलं. सगळे एकसारखे. एकसारखे दिसावेत म्हणूनच तर त्यानं ते लावले होते.

"आपलं लेबल लावायचं, पण बनवणाऱ्याची खूण झाकायची नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "घरात वीज येते अडीचशेच्या आसपास. सव्वाशेचा स्विच तिथं बसवला तर आत ठिणगी पडते, अंग तापतं. एक दिवस वायर पेटते. दुकानदाराला कळायचं कशावरून? घेणाऱ्याला कळायचं कशावरून?" त्यांनी स्विच खाली ठेवला. "सोमवारी येतो. तोवर नीट करा. नाहीतर मला सगळ्याला सील लावावं लागेल."

ते गेले. मालन उगाच एक खोकं उघडून मिटत होती.

"वाट लागली," नंदकुमार म्हणाला. तो रागावला नव्हता, थकला होता. "चूक माझीही आहे. मी बघून झकास म्हणालो. नशीब एवढंच, की यातला एकही नग अजून बाहेर गेला नाही." मग खाली बघत तो म्हणाला, "पण दत्ताराम, या टेबलावर आता मालनबाई बसतील. तुम्ही खोकी भरा. मला पुन्हा असा धोका घेता येणार नाही."

मालन पटकन म्हणाली, "मला नको बाई ते टेबल."

"नको असलं तरी बसा."

दत्तारामनं टेबलावरचं खळीचं भांडं उचलून बाजूला ठेवलं. त्याच्या कानात नंदकुमारचं पुढचं-मागचं काही राहिलं नव्हतं, एकच वाक्य राहिलं होतं. एकही नग बाहेर गेला नाही. एक गेला होता. तो रुमालात गुंडाळून गेला होता, आणि आता सुलक्षणाच्या उशाशी टांगलेला होता.

त्या संध्याकाळी महाकालीच्या टेकडीचा वळसा त्याला कधी नव्हे इतका लांब वाटला. रोज तो चढावर थांबून दम घ्यायचा, त्या दिवशी थांबला नाही. चाळीच्या तोंडाशी आल्यावर त्यानं आपल्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं. दिवा होता. सगळं रोजच्यासारखं होतं. सुलक्षणा खाटेवर बसून तांदूळ निवडत होती आणि पंखा तिच्याकडे तोंड करून फिरत होता.

दत्तारामनं आधी भिंतीवरचं बटण बंद केलं.

"काय झाला ओ?" सुलक्षणा म्हणाली. "तोंड असा कित्याक?"

"ह्यो स्विच तुका कसो वाटता?"

"बरो आसा. कित्याक?"

"गरम होता?"

"होता जरासो. माका वाटला, परदेशी वस्तू, तशीच असात." ती हसली. "आणि रातची दाबलंय की भितुर काजवो चमकता. फटीतसून दिसता. माका आवडता तो. झोप येय नाय तेव्हा मी दोन-तीनदा उगाच दाबतंय."

दत्ताराम खाटेच्या कडेला टेकला. त्यानं स्विच वायरीतून सोडवला आणि नखानं लेबलाचं टोक उचलायला गेला. टोक उठेना. नख दुखलं. त्याची स्वतःची खळ, जिच्या जोरावर त्यानं आयुष्यभर फुशारकी मारली, ती त्याला आपल्याच घरात आत येऊ देईना.

सुलक्षणा बघत होती. तिनं सुपातले तांदूळ बाजूला ठेवले आणि म्हणाली, "ओरबाडू नकात. पोराक ताप इलो की कपाळार काय ठेवतंव? पाण्याची पट्टी. तशी ठेवा आणि गप ऱ्हवा."

तिनं जुन्या धोतराची चिंधी फाडली, भिजवली, पिळली, दुमडून लेबलावर ठेवली. मग ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. दत्ताराम वाट बघत बसला. भात शिजेपर्यंत कागद फुगला, मऊ झाला, आणि साय निघावी तसा अलगद निघून आला. खालून तो करपलेल्या पापडासारखा तपकिरी झाला होता. आणि पिवळ्या पोटावर, दिव्यापुढे तिरकं धरल्यावर, आकडे उभे राहिले. १२५.

त्यानं ते बायकोला दाखवलं आणि सगळं सांगितलं. सांगताना त्यानं काही राखलं नाही. एका ताक्यावर एकच छाप, इथपासून सांगितलं.

सुलक्षणानं त्या आकड्यांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "कापडाचा नंबर चुकलो तर लुगडा वायच जाडाभरडा मिळता. ह्या तसा नाय."

"नाय," तो म्हणाला.

सकाळी तो गाळ्यात पोचला तेव्हा नंदकुमार आणि मालन आधीच आले होते. मालन ब्लेडनं लेबल खरवडत होती. कागदाबरोबर स्विचचं अंगही निघत होतं, आणि उठवलेल्या आकड्यांचं नाक-कान झिजत होतं. अशानं १२५ कुठलं आणि २५० कुठलं, ते जन्मात कळलं नसतं.

"अहो, ही खळ आहे का सिमेंट?" नंदकुमार वैतागून म्हणाला.

एरवी हे ऐकून दत्तारामची छाती फुगली असती. त्यानं खिशातून रुमाल काढला, उलगडला, आणि तो स्विच आणि तो तपकिरी कागद शेठपुढे ठेवला.

"एक बाहेर गेला होता शेठ. तुम्हीच दिलेला. माझ्या घरात होता. सव्वाशेचा निघाला."

नंदकुमारनं कागद उचलला. करपलेल्या बाजूवरून बोट फिरवलं. तो काही बोलायच्या आत मालननं विचारलं, "वहिनी बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे. तिनंच हे सोडवलं." आणि त्यानं पट्टीचं सांगितलं. "पाण्यात बुडवायचं नाही, आत स्प्रिंग आहे, गंजेल. पोटावर पट्टी ठेवायची, आणि गप बसायचं."

मग त्या शनिवारी आणि रविवारी मरोळच्या त्या गाळ्यात असं दृश्य होतं, की कुणी डोकावलं असतं तर चक्रावलं असतं. मालननं घरून जुनी लुगडी आणली, नंदकुमारनं आईचं एक सुती पातळ आणलं. टेबलांवर, फळ्यांवर, जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरून त्यांवर स्विच ओळीनं निजवलेले, आणि प्रत्येकाच्या पोटावर ओली पट्टी. तापाच्या साथीत गावच्या शाळेत पोरांना निजवतात तसे.

"जपानची पोरं आजारी पडली," मालन म्हणाली. "भाऊ, तुमची नजर लागली बघा. लई लाड केलेत."

"तू पट्टी बदल," दत्ताराम म्हणाला.

कागद सुटत गेले. तो एकेक स्विच खिडकीपाशी नेऊन तिरका धरायचा, आकडा मोठ्यानं वाचायचा, आणि मालन तो निळ्या किंवा तांबड्या खोक्यात टाकायची. नंदकुमार खोक्यातला नग काढून पुन्हा एकदा तपासायचा. आकडे वाचता वाचता दत्तारामला त्या वाकड्या खुणेची सवय झाली. कुणीतरी दूरच्या देशात, असंच खिडकीशी बसून, हा नग इतकाच भार सोसेल, असं त्याच्या अंगावर लिहून ठेवलं होतं. पुढच्या माणसानं वाचावं म्हणून लिहिलं होतं. तोही एक छापवालाच असणार. आणि आपण त्याच्या तोंडावर हात ठेवला, असं दत्तारामला वाटलं.

रविवारी दुपारी सगळे स्विच मोकळे झाले, आणि नवीच अडचण उभी राहिली. पोटावर जपान्याचे आकडे उघडे ठेवायचे, तर शेठचं लेबल मावेना. रुंदी जास्त होत होती. कडेला घ्यावं तर गोलाईवर कागद सुरकुतायचा आणि दोन दिवसांत उचकटायचा. नवी लेबलं छापायची, तर छापखाना सोमवारी दुपारशिवाय उघडणार नव्हता आणि साहेब सकाळी येणार होते.

नंदकुमार डोकं धरून बसला. मालननं शिल्लक गठ्ठ्यातलं एक कोरं लेबल उचललं, पोटावर असं-तसं धरून पाहिलं, आणि दत्तारामकडे पाहिलं. तिच्यासारखी बाई बोलली नाही, म्हणजे तिला काय दिसलं होतं ते दत्तारामलाही दिसलं.

त्यानं मालनच्या टेबलावरची कात्री उचलली.

किनार चारी बाजूंनी होती. वेलीला पानं होती, पानांमागे कळ्या होत्या, आणि कोपऱ्यात एकेक फूल. छापखान्यातल्या माणसाला त्यानं दोनदा परत पाठवून ती फुलं सुधारून घेतली होती. त्यानं पहिलं लेबल डाव्या हातात धरलं, आणि वेल कापली. कात्री नांगरासारखी सरळ चालली. मधला अक्षरांचा तुकडा उरला तेवढा, लहानसा, उघडाबोडका. तो त्यानं आकड्यांच्या खाली ठेवून पाहिला. बसला. वर त्या परक्याचा छाप, खाली यांचं नाव. दोन्ही वाचता येत होती.

"दोन छाप," दत्ताराम हळूच म्हणाला. कुंडलिक मुकादम असता तर त्यानं तो नग परत फेकला असता.

"लावा," नंदकुमार म्हणाला. मग दत्तारामकडे वळून म्हणाला, "नाही, तुम्हीच लावा. मालनबाई, तुम्ही कात्री घ्या."

मालननं त्याच्या टेबलाजवळून आपलं स्टूल झटकन ओढून घेतलं. "एवढा येळ वाट बघत होते," ती म्हणाली. दत्तारामनं टेबल पुसलं, आणि खळीचं भांडं उजव्या हाताला ठेवलं.

किनारीच्या कापलेल्या पट्ट्या मालननं टाकल्या नाहीत. एकेक जोडून तिनं आपल्या डब्याच्या झाकणात, फोटोच्या चारी बाजूंनी चिकटवल्या. दत्तारामची खळ वापरून चिकटवल्या, म्हणजे त्या अजूनही तिथं असतील.

सोमवारी निरीक्षक आले. त्यांनी निळ्या खोक्यातले थोडे पाहिले, तांबड्या खोक्यातले थोडे पाहिले. आकडे वाचले, मग लेबल वाचलं. दोन्ही प्रकारच्या खोक्यांवर बाहेरूनही व्होल्ट लिहायला सांगितले. ब्लेडनं खरवडलेले नग कुठे आहेत ते विचारलं. नंदकुमारनं ते वेगळे काढून मोडून ठेवले होते, ते दाखवले. साहेबांनी मान हलवली, पाणी घेतलं आणि निघाले. लेबलं किती सरळ होती त्याबद्दल ते अवाक्षरही बोलले नाहीत. ज्याच्या त्याच्या नजरेला जे दिसायचं तेच दिसतं.

संध्याकाळी निघताना नंदकुमारनं निळ्या खोक्यातला एक नग त्याच्या हातावर ठेवला. दत्तारामनं तो खिडकीपाशी नेला, तिरका धरला, आकडा वाचला, आणि मगच रुमालात गुंडाळला.

घरी त्यानं तो वायरीवर बसवला आणि खिळ्याला टांगला. या वेळी आकडे समोर येतील असा टांगला. सुलक्षणानं हात पुसून अंगठ्यानं दाबलं. पंखा फिरला. तिनं बंद केला, पुन्हा दाबला, आणि फटीत डोळा लावून पाहिलं.

"ह्येच्यात काजवो नाय," ती म्हणाली.

"नाय तोच बरो," दत्ताराम म्हणाला, आणि पंख्याच्या वाऱ्यात तिच्याशेजारी खाटेवर बसला.